इथेच सोडून जा

१

आमच्या निपाणीत माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. तंबाखूचं गाव आमचं. वखारीत दिवसभर पाला झोडायचा, चाळायचा, निवडायचा, आणि त्यातून उडणारा बारीक खकाणा नाकातोंडात गेला की भला भला गडी वाकडा व्हायचा. ज्याला खोकला नाही तो एक तर पाहुणा, नाही तर मालक, असं आम्ही म्हणायचो.

माझं चहाचं दुकान पायगोंडा अण्णांच्या वखारीच्या दरवाजासमोर होतं. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक चूल आणि दोन बाकडी. पण माझी ऐट कोल्हापूरच्या हॉटेलवाल्याची. संध्याकाळी काम सुटलं की बाया बाहेर पडायच्या आणि मी चुलीत फुंकर घालता घालता, मान वर न करता, कोण आलं ते सांगायचो. गुणाबाईचा खोकला शिव्यांसकट यायचा. एक उबळ, एक शिवी, परत उबळ. जयाबाई तोंडात पदर कोंबून खोकायची, तिचा आवाज रांजणातून आल्यासारखा यायचा. आणि माझी बायको अंबू. तिचा खोकला बारीक, लांबत जाणारा, आणि शेवटी छातीतून एक शीळ निघायची.

ती शीळ मूळची तिची नव्हती. आमची पोर कमळी अशी खोकायची. अंबू कामाला जाताना तिला बरोबर न्यायची. पोर पोत्यांवर खेळायची, पोत्यांवरच झोपायची. ज्या उन्हाळ्यात तिला शाळेत घालायचं आमचं ठरलं होतं त्याच उन्हाळ्यात ती खोकून खोकून गेली. त्यानंतर कधीतरी अंबूच्या खोकल्याला ती शीळ लागली. मी एकदा म्हणालो, मनाचे खेळ असतात गं हे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"तुमास्नी काय ठावं? माज्या छातीत हाय ती. खोकले की भेटती."

पुन्हा मी त्या गोष्टीची थट्टा केली नाही.

२

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची एकदोन वर्षं असतील. पायगोंडा अण्णा मुंबईला कुणा नातलगाकडे जाऊन आले आणि तिथल्या एका गिरणीत त्यांनी काहीतरी बघितलं. कामगारांना कवायत, दूध, वाचनाची खोली. अण्णा माणूस देवमाणूस. जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारे. आपल्या वखारीत माणसं खोकतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. त्यांची आईसुद्धा खोकल्यानंच गेली होती.

परत आले ते तारामतीबाईंना घेऊन. पुण्याकडे शिकलेल्या विधवा बाई. हलक्या पावलांच्या, हळू बोलणाऱ्या. वखारीच्या मागच्या अंगाला एक जुनी कोठी होती. पाल्याला वारा लागून तो कडक होऊ नये म्हणून बांधलेली, जाड भिंतींची, बिनखिडकीची. छतात एक काच, तेवढाच उजेड. अण्णांनी ती धुऊन घेतली, आतून चुना दिला, भिंतीवर आपल्या आईची तसबीर लावली, चटया अंथरल्या, आणि तिथे रोज काम सुरू व्हायच्या आधी वर्ग भरायला लागला.

वर्ग म्हणजे बायांनी ओळीत बसायचं, डोळे मिटायचे. तारामतीबाई सांगायच्या, श्वास घ्या. धरा. आता सोडा. जे जड आहे ते इथेच सोडून जा. मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आम्ही बऱ्या आहोत. वर एक पेलाभर काढा. आलं, तुळस, अडुळसा, ज्येष्ठमध, गूळ. काढ्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून त्या खोलीत माझी ये-जा सुरू झाली. वर्गाला येणाऱ्या बाईला अण्णांनी निळं लुगडं देऊ केलं. सगळ्यांना एकच रंग, एकच काठ.

पहिल्या दिवशी गुणाबाई माझ्या बाकड्यावर बसून मांड्या थोपटत हसत होती.

"काय रं भावकू, आत्तापतूर हातपाय मालकाचं हुतं. आता श्वास बी मालकाचाच काय?"

"फुकट मिळालाय न्हवं, घे की," मी म्हणालो.

"तुज्या मढ्यावर फुकट," असं म्हणून तिनं उबळ काढली आणि वर्गाला गेली.

३

महिना उलटला असेल नसेल. एका संध्याकाळी मी चूल फुंकत होतो. लाकडं ओली होती, धूर डोळ्यांत जात होता. बाया सुटायची वेळ अजून कशी झाली नाही म्हणून मी मान वर केली.

समोर सगळ्या उभ्या होत्या. निळ्या लुगड्यांची ओळच्या ओळ, दुकानाला लागून. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मला एकही ऐकू आली नव्हती.

"आमाला चा दे भावकू," गुणाबाई म्हणाली.

आमाला. एकटीच तर बाकड्यावर टेकली होती. मी वाट बघितली की आता शिवी येईल, चहाला उशीर का म्हणून माझ्या सात पिढ्या उद्धरेल. ती शांत बसली. चेहऱ्यावर हसू होतं. वाईट नव्हतं, पण तिचं नव्हतं. मी जयाबाईकडे बघितलं तर तिथेही तेच हसू.

रात्री मी स्वतःला समजावलं. अरे शहाण्या, खोकला गेला तर तुला काय दुखतंय? अडुळसा लागू पडला. काढा तुझ्या हातचा, तूच आता चार लोकांत मिशीवर ताव द्यायला हवास. माणसाला खोकला नसला की तो चिडत नाही, चिडला नाही की शिव्या देत नाही. सगळं सरळ होतं. तरी चहा देताना माझा हात अडायचा. कुणाला साखर जास्त, कुणाला कडक, हे मला खोकल्यावरून आठवायचं. आता सगळ्यांना एकसारखाच देत होतो आणि कुणी तक्रार करत नव्हतं.

४

अंबू मात्र वर्गाला जात नव्हती. तिच्यासारख्या आणखी दोघीतिघी होत्या, पण एकेक करून त्याही गेल्या. शेवटी वखारीत खोकणारी ती एकटी उरली.

तिला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. अंबू भांडायला कच्ची नव्हती. पण कुणी बोलत नव्हतं. तिला उबळ आली की पाला निवडणारे सगळे हात थांबायचे, सगळ्या जणी तिच्याकडे मायेनं बघायच्या आणि उबळ संपली की परत कामाला लागायच्या. घरी येऊन ती म्हणायची, "मारलं असतं तर सोसलं असतं. ह्या बगत्यात वो नुसत्या."

मग एक दिवस अण्णा स्वतः माझ्या दुकानात आले. अंबू तिथेच भांडी विसळत होती. मी बाकडं पुसलं. ते बसले नाहीत.

"अंबुबाई, तू का येईनास वर्गाला? काय चुकलं माझं?"

"तुमचं काय चुकतंय अण्णा. माजा खोकला मला जड न्हाय."

"असं म्हणू नगं. माझी आई हेच म्हणायची. शेवटच्या रात्री तिचं तोंड बघितलंय मी." अण्णांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, त्यानं माझ्या बायकोसमोर हात जोडले. "माझ्यासाठी ये. तुला काही झालं तर मला झोप लागायची न्हाय."

आता सांगा, शिवी देणाऱ्याला नाही म्हणता येतं, हात जोडणाऱ्याला कसं म्हणायचं? अंबूनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीत लाकूड सारलं. तिची छाती रोज थोडी थोडी फाटत होती हे मलाही दिसत होतं, आणि ती जगावी असं मला वाटत होतं. दिवाळी झाल्यावर ती निळं लुगडं नेसून गेली.

५

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अंबूला झोप लागायला लागली. दोन घास जास्त जायला लागले. गालांवर तुकतुकी आली. खोकला कमी झाला, मग शीळ गेली, मग खोकलाच गेला. शेजारीण म्हणाली, भावकू, तुझी बायको नवी नवरी दिसतीया रं. मी लाजलो. खरंच सांगतो, मला आनंद झाला.

जुनं हिरवं लुगडं तिनं फाडलं आणि त्याची वाकळ शिवली. कमळी असताना ती तेच नेसायची, पोरीनं ओढून ओढून त्याचा पदर विरला होता. अंबू ते आजवर कुणाला हात लावू देत नव्हती. आता टराटरा फाडलं. मी म्हटलं, चला, मन मोकळं झालं.

मग जात्याचं माझ्या ध्यानात आलं. अंबू दळायला बसली की पहिली ओवी कमळीची असायची. "पैली माझी ओवी, माझ्या कमळीच्या पायाला, वाळ्याच्या नादाला." देव दुसरे. त्या पहाटे जातं फिरत होतं, पण ओवी नव्हती. फक्त श्वास. घेतलेला, धरलेला, सोडलेला. मी अंथरुणात उठून बसलो.

"आज कमळीचं नाव घेतलं न्हाईस?"

जातं थांबलं. ती विचार करायला लागली. आपलं घमेलं कोण मागून घेऊन गेलं हे आठवताना बाई करते तसा. मग तिचा चेहरा उजळला.

"कमळी. व्हय की. आपलीच न्हवं ती?"

आणि हसली. तेच हसू. परत जातं फिरायला लागलं. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. थंडी होती. मला रडायला येत होतं आणि ते कुणासाठी, पोरीसाठी की बायकोसाठी, हे मला ठरवता येत नव्हतं.

६

बाजारच्या दिवशी वखार बंद असायची. काढ्याचा हंडा वर्गाच्या खोलीबाहेर ओट्यावरच पडलेला असायचा. तो चिंचेनं घासून आणावा म्हणून मी दुपारी गेलो. पहारेकरी परशराम दरवाजाशी पागोटं तोंडावर घेऊन झोपला होता. आवारात कडक ऊन. गावातून बाजाराचा कालवा ऐकू येत होता, पण कोठीच्या मागच्या अंगाला वळलं की तो बंद पडायचा.

हंड्याला हात घातला आणि आत कुणीतरी खोकलं.

मी म्हटलं, पारवा असेल. कोठ्यांत पारवे असतात. पण या कोठीला पारव्याला शिरायला जागा कुठे होती? परत खोकला, मग शिवी, मग खोकला. गुणाबाई! मला हसूच आलं. म्हटलं, म्हातारी सुट्टीच्या दिवशी इथे लपून हौस भागवून घेते. पण गुणाबाईला मी येताना बाजारात बघितलं होतं. मिरच्यांच्या ढिगाशी, निळ्या लुगड्यात, गप्प.

रांजणातून आल्यासारखा एक आवाज आला. मग आणखी एक. मी ओट्यावर उभा होतो आणि आतून एकेक बाई मला ऐकू येत होती, पूर्वी संध्याकाळी यायची तशी. मध्ये कुणीतरी भांडत होतं. कुणी कन्नडात आईला हाका मारत होतं, अव्वा, अव्वा. दाराला फक्त कडी होती. कुलूप लावायची कधी गरजच पडली नव्हती. रिकाम्या चटयांना कोण नेणार?

मग ती शीळ आली. बारीक, लांबत जाणारा खोकला आणि शेवटी ती शीळ. त्यामागून रडणं. आमची पोर गेली त्या रात्री अंबू रडली होती तसं, तोंड दाबून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये एक फट होती. मी डोळा लावला. चुन्याची पांढरी भिंत. छतातल्या काचेतून पडलेला उजेडाचा चौकोन. चटया ओळीत. त्यातल्या भिंतीजवळच्या चटईवर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं, पाय लांब सोडून, पायांवर काहीतरी घेऊन झुलवत. अंगावर हिरवं लुगडं होतं. पदर विरलेला.

त्या लुगड्याची वाकळ मी सकाळीच घडी घालून ठेवली होती.

मी हंडा तिथेच टाकून पळालो. घरी आलो तर अंबू उंबऱ्यात बसून केस विंचरत होती. "काय वो, कुत्रं मागं लागलं व्हय?" असं म्हणून तिनं मला पाणी दिलं.

७

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तारामतीबाईंना गाठलं. मनात ठरवून गेलो होतो की या बाईला खडसवायचं. चेटूक करतेस, म्हणायचं. त्या चटया गोळा करत होत्या. उजेडात पहिल्यांदाच नीट बघितलं तर फार थकलेल्या दिसल्या. माझा जिभेवर आलेला शब्द तिथेच राहिला.

"बाई, काल सुट्टीला ह्या खोलीत कोण हुतं?"

त्यांनी हातातली चटई खाली ठेवली.

"ऐकलंत तुम्ही?"

"म्हंजे तुमास्नी ठावं हाय!"

"मी त्यांचं काही काढून घेत नाही, भावकू. ठेवायला जागा देते एवढंच. ओझं खाली ठेवलं की माणसाला काम सुधरतं, जगणं सुधरतं. अण्णांना तेच हवं होतं. त्या बायांनाही हवंच होतं की."

"माज्या अंबूला नको हुतं."

मी विचारलं, ठेवलेलं परत नेता येतं का?

"आजवर कुणी मागायला आलं नाही," त्या म्हणाल्या. "जिचं आहे तिनंच दार उघडायला पाहिजे. दुसऱ्यानं उघडलं, रोज मी उघडते तसं, तर आत नुसत्या चटया असतात. मी करून बघितलंय."

त्यांनी कुणासाठी करून बघितलं होतं, ते मी विचारलं नाही. त्या अण्णांच्या आईच्या तसबिरीकडे बघत होत्या की भिंतीकडे, तेही मला कळलं नाही.

घरी येऊन मी तर्क लढवत राहिलो. तंबाखूचा वास डोक्यात चढतो, ऊन लागतं, उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं. बेळगावला दवाखान्यात जाऊन कान दाखवून यावे असंही मनात आलं. पण पहाटे जातं फिरायचं आणि त्यातून नुसता श्वास यायचा. मग सगळे तर्क मातीत जायचे. पोर गेली ती गेली. पण तिची आई तर होती. आता जगात कमळीला रडणारा मी एकटाच उरलो होतो आणि माझ्यानं एकट्यानं ते होत नव्हतं. मला माझी अंबू परत पाहिजे होती, खोकल्यासकट.

८

पुढच्या बाजारच्या दिवशी मी अंबूला म्हणालो, वाटेत हंडा घेऊ, मग भाजीला जाऊ. ती हातात पिशवी घेऊन निघाली. परशरामनं दरवाजा उघडून दिला. कोठीच्या ओट्यावर आलो आणि मी थांबलो.

"आयकतीस काय?"

तिनं कान दिला. आत रडणं चालू होतं. मी अंबूच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हटलं, आलं ध्यानात. आता उघडते दार.

"कुनाची बाई वो ही?" ती हळूच म्हणाली. "किती वंगाळ रडालीया. लेकरू गेलंय वाटतं हिचं."

"अंबे."

"कुनी न्हाय व्हय हिला? एकटीच कशापायी बसलीया आत?" तिचे डोळे पाणावले होते. परक्या बाईच्या दुःखानं येतं तेवढंच पाणी. "तारामतीबाईस्नी सांगूया. हिला बी वर्गात घ्या म्हनावं. बरी हुईल बिचारी."

मी तिचा हात धरला आणि कडीवर ठेवला.

"अंबे, ती तू हायस. आत तू हायस. कमळीसाठनं रडालीस. उघड दार, तुज्या पाया पडतो."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवला. ताप आहे का बघायला. कडीवरचा हात तिनं अगदी अलगद काढून घेतला, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"लोकांच्या दुःखाचं दार असं उघडू न्हाय," ती म्हणाली. "तुमी जरा सावलीत बसा. ऊन लागलंय तुमास्नी. म्या पटदिशी भाजी घेऊन येते, मग घरला जाऊ."

आणि ती गेली. पावलांचासुद्धा आवाज झाला नाही.

९

मी दाराशी खाली बसलो. कडी माझ्या डोक्यावर होती. उघडायची म्हटली तर एका बोटानं उघडली असती. पण मग नुसत्या चटया दिसल्या असत्या, आणि तेवढंही माझ्यानं सोसवलं नसतं.

"अंबू," मी फळीला तोंड लावून म्हणालो.

आतलं रडणं थांबलं. बाकीचे सगळे आवाजही थांबले, एखाद्या घरात बाहेरचा माणूस आला की बाया थांबतात तसे. मग सरपटत कुणीतरी दाराजवळ आलं. लुगड्याची सळसळ झाली.

"तुमी हाय व्हय?"

तिचाच आवाज. खोकल्यानं बसलेला, घोगरा, माझ्या ओळखीचा. कितीतरी दिवसांनी मी तो ऐकत होतो. मी म्हणालो, "म्या हाय."

"ती कशी हाय?"

मी समजलो. "बरी हाय."

"झोपती?"

"व्हय. चांगली झोपती."

"जेवती न्हवं? शिळं खाती का माज्यागत?"

"ताजं खाती. तुकतुकीत झालीया."

आत ती थोडा वेळ खोकली. शीळ आली. मी फळीवर हात ठेवून बसलो होतो. उबळ संपल्यावर ती म्हणाली,

"मग तिला नगा आनू परत. जगू द्या तिला. म्या हाय की हितं कमळीपशी."

"आनि म्या?" मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण दरवाजाकडून परशरामची काठी वाजली. "मी काय करू अंबे? कुनाशी बोलू? घरात कमळीचं नाव काढलं तर ती पाव्हन्यागत बगती माज्याकडं. मला बी अण्णा म्हणालेत, भावकू, तू बी ये वर्गाला. तुझी तब्येत उतरलीया. येतो मी. आत येऊन बसतो तुमच्यापशी."

"नगा!" फळीवर आतून थाप बसली. माझ्या हाताखाली लाकूड हललं. "तुमी न्हाई न्हवं गेलासा अजून? शपथ हाय तुमास्नी. तुमी बी सोडलंसा तर भाईर कमळीला वळखनारं कुनी ऱ्हायचं न्हाय. म्या आत किती बी रडले तरी त्याचा काय उपेग? तुमी भाईरच ऱ्हावा. दुखंल, पर ऱ्हावा."

मी रडलो. पोर गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. पुरुषानं रडायचं नसतं म्हणून तेव्हा लाकडं फोडत बसलो होतो. आता त्या उन्हात, ओट्यावर, लहान पोरासारखा रडलो, आणि आतून ती मला उगी उगी म्हणत राहिली.

फटीला डोळा लावावा असं फार वाटलं. एकदा चेहरा बघावा. पण तिच्या मांडीवर कुणीतरी होतं. थोपटल्याचा आवाज येत होता, आणि ते कोण हे बघायचा धीर मला झाला नाही.

आवाराच्या दरवाजातून हाक आली. स्वच्छ, मोकळी, कफाचा लवलेश नसलेली.

"अवो! कुटं हाईसा? चला की, भाजी आनलीया!"

मी उठलो नाही. परत हाक आली, आणखी मायेची. फळीपलीकडचं थोपटणं थांबलं.

"जावा," आतून अंबू म्हणाली. "ती बोलवतीया."